न्यू साउथ वेल्समध्ये शिक्षेविरुद्ध अपिलाची मुदत टळली असेल तर

ऑस्ट्रेलियात फौजदारी अपिलाचे नियम राज्यागणिक वेगळे. ही माहिती फक्त न्यू साउथ वेल्सची. तिथलं ‘सुप्रीम कोर्ट’ राज्याचं असतं आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे ‘हायकोर्ट’. आपला नेमका इथेच गोंधळ होतो.

लोकल कोर्टाच्या, म्हणजे तिथल्या सर्वात खालच्या कोर्टाच्या, शिक्षेवर 28 दिवसांत डिस्ट्रिक्ट कोर्टात अपील करायचं. ते चुकलं तर शिक्षेपासून 3 महिन्यांच्या आत परवानगी मागता येते, पुढे नाही. शिक्षा डिस्ट्रिक्ट किंवा सुप्रीम कोर्टाची असेल, तर कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील. तिथेही मुदत 28 दिवसांचीच, पण 1912 च्या फौजदारी अपील कायद्याने ती कधीही वाढवता येते. मात्र अपील एकदा ऐकून फेटाळलं गेलं असेल, तर ही वाट बंद.

मुदतवाढ म्हणजे आपल्याकडची विलंबमाफी. उशीर किती, का, आणि अपिलात दम आहे का, हे कोर्ट पाहतं. शिक्षा ठरवण्याची एक पद्धत चुकीची होती, असं हायकोर्टाने 2011 मध्ये ठरवलं आणि जुन्या कैद्यांचे अर्ज येऊ लागले. ‘मोठा अन्याय झाल्याचं दाखवा’ अशी कडक अट त्यांना लावली जाई. 2014 मध्ये हायकोर्टाने ती काढली. आता कसोटी एकच: न्यायाच्या हिताचं काय. ‘शिक्षा जास्त वाटते’ एवढ्याने मात्र भागत नाही. न्यायाधीशाची चूक दाखवावी लागते, किंवा शिक्षा उघडच अवाजवी असावी लागते.

कागद: अपिलाच्या परवानगीचा आणि मुदतवाढीचा अर्ज, अपिलाची कारणं, लेखी युक्तिवाद, शिक्षा देतानाचं न्यायाधीशांचं निवेदन आणि उशिराचं प्रतिज्ञापत्र. या प्रतिज्ञापत्रात तारखा हव्यात: वकिलाला कधी भेटलात, लीगल एडकडे (सरकारी कायदेशीर मदतीकडे) कधी अर्ज केला, उत्तर कधी आलं. ‘माहीत नव्हतं’ एवढंच लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लंगडं पडतं. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

चूक सिद्ध झाली, तर कोर्ट शिक्षेचा नव्याने विचार करतं. कमी शिक्षा योग्य वाटली नाही, तर आहे तीच राहते. कायद्याने ती वाढवताही येते, म्हणून आधी वकिलाशी बोला.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी आणखी एक. 12 महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा होऊन माणूस तुरुंगात असेल, तर व्हिसा रद्द होतो. त्याविरुद्ध म्हणणं मांडायलाही 28 दिवसच, आणि ते कोणत्याही कारणाने वाढत नाहीत. अपील पडून असलं तरी हे म्हणणं वेळेत पाठवा.