रेंटल हाउसिंग (ठाणे–नवी मुंबई)

रेंटल हाउसिंग, बोलताना नुसतं ‘रेंटल’: कमी भाड्याची घरं खाजगी बिल्डरकडून बांधून घ्यायची एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) २००८ ची योजना आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी. पण ठाण्यात कुणी “आम्हाला रेंटलला टाकलंय” म्हणालं तर तो भाडेकरू असेलच असं नाही, बहुतेक वेळा त्याची धोकादायक इमारत रिकामी केलेली असते नाहीतर घर रस्तारुंदीत गेलेलं असतं.

उगमाबद्दल दोन मतं दिसतात. एक मत थेट १९१८ च्या भाडेनियंत्रणापर्यंत मागे जातं, मग १९४७ चा कायदा, त्यात भाडी १९४० च्या पातळीला गोठली, मालकांनी भाड्यासाठी चाळी बांधणं सोडलं, पागडी (घर भाड्याने देताना मालकाने घ्यायची मोठी एकरकमी रक्कम) आली, आणि ती पोकळी शेवटी सरकारला भरावी लागली. दुसरं मत म्हणजे नोव्हेंबर २००७ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा गेला, मोठे प्लॉट मोकळे झाले आणि लगेच योजना आली. तारखा पाहता दुसरं जास्त पटतं. पहिल्यावरून फार तर इतकं कळतं की भाड्यासाठी बांधणारं दुसरं कुणी का उरलं नव्हतं.

गणित असं होतं: एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) ४, त्यातला १ भाडेघरांचा (ती बांधून फुकट एमएमआरडीएला द्यायची), ३ बिल्डरला विकायला. म्हणजे १ हेक्टरवर ४०,००० चौ. मी. बांधकाम आणि त्यातलं १०,००० भाड्याचं. खोली १६० चौ. फुटांची, साधारण १६ बाय १०, पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धंच उघडणार. एवढी माणसं एका प्लॉटवर आली तर पाणी आणि ड्रेनेज कुठून आणायचं, हा आक्षेप सुरुवातीपासून होता. २०१३-१४ च्या सुमारास एफएसआय ३ वर आला आणि ‘भाडे’ शब्द मागे पडून ‘परवडणारी घरं’ पुढे आली.

प्लॉट मिळणं हीच मोठी अडचण. ठाण्यात एका बाजूला येऊरचं जंगल, दुसरीकडे खाडी, तिथे सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) आणि कांदळवनापासून ५० मीटरचा पट्टा, कोलशेतला हवाई दलाचं केंद्र. त्यात २००८ मध्येच हायकोर्टाच्या निकालाने ठाणे-मुलुंड पट्ट्यातल्या कित्येक जमिनी खाजगी वन ठरल्या आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवेपर्यंत सातबाऱ्यावर ‘वन’ शेरा दिसला की फाइल तिथेच अडायची. नवी मुंबईत अडचण वेगळी, जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची), प्लॉट लीजवर, शिवाय विमानतळामुळे उलवे-पनवेलकडे उंचीची मर्यादा.

घरं बांधून झाली तरी ती भाड्याने क्वचितच गेली. पनवेलजवळ कोनला १६० च्या दोन खोल्या जोडून ३२० चं एक घर केलं आणि २०१६ च्या लॉटरीत अशी सुमारे २,४०० घरं गिरणी कामगारांना ६ लाखांना, म्हणजे विकतच, दिली. ताबा मिळायच्या आत कोविड आला आणि तिथे क्वारंटाइन सेंटर झालं, ठाण्यात भाईंदरपाड्याच्या रेंटलमध्येही तेच.

नवी मुंबईतलं स्वस्त भाडं मिळतं ते घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे गावठाणातल्या इमारतींत, ११ महिन्यांच्या करारावर, आणि त्यातल्या कित्येक इमारतींना ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) नाही.