खुलासा: काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर आणि शंभर मीटरवरची शिकार

"काळ्या दारूच्या .४४ रिव्हॉल्व्हरने शंभर मीटरवरचं हरीण सहज पडतं" हा समज फार जुना आहे. (काळी दारू म्हणजे जुन्या बंदुकांत भरायची स्फोटक पूड; .४४ म्हणजे नळीचा साधारण व्यास, इंचात.) तो अगदीच हवेतून आलेला नाही. गोळी तिथवर पोचते, पुढेही जाते. प्रश्न आहे तो पोचल्यावर तिच्यात काय उरतं याचा.

शिशाची गोल गोळी साधारण ९ ग्रॅमची, सुटतानाचा वेग सेकंदाला २५० मीटरच्या आसपास. हिशेब मांडला तर ऊर्जा जेमतेम २८० ज्यूल. हरणाच्या शिकारीच्या रायफलींची सहसा २,००० च्या वर असते. त्यात गोल आकाराला हवा जास्त अडवते. १०० मीटरपर्यंत गोळी जवळजवळ मीटरभर खाली येते. २५ मीटरवर पाचेक सेंटिमीटर. शिवाय कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेमाची मागची खाच थेट घोड्यावर (बार उडवायला आपटणाऱ्या मागच्या भागावर) कोरलेली, म्हणजे घोडा किंचित डगमगला की नेम सरकलाच! कोल्टच्याच १८४७ च्या वॉकर रिव्हॉल्व्हरमध्ये दारू बरीच जास्त मावते, पण खाच तिथेच.

पडताळायचं तर रेंजवर हात टेकवून तळहाताएवढ्या वर्तुळावर सहा गोळ्या झाडा. सगळ्या आत बसतील तेवढंच तुमचं अंतर. बहुतेकांचं ते २०-२५ मीटरवर थांबतं, आणि कायद्याने परवानगी असेल तिथेही ते लहान जनावरापुरतंच.