ग्लुकोज मागू नका, ओआरएस मागा

"पोराला सकाळपासून जुलाब लागलेत, पार गळून गेलंय. ग्लुकोजचा डबा द्या." मेडिकलच्या काउंटरवर बसून हे इतक्यांदा ऐकलंय, की गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा हात ओआरएसच्या खोक्याकडे जातो. मग ठरलेली हुज्जत. "अहो, दोन्ही एकच की! पांढरी पावडर, पाण्यात टाकायची न् प्यायची."

एकच नाहीत. ओआरएस म्हणजे जुलाबात अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणारी, मोजून मापून केलेली मीठ-साखरेची पावडर. ग्लुकोज काय असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. चटकन रक्तात उतरणारी साखर, वर थोडी जीवनसत्त्वं वगैरे. उन्हात क्रिकेट खेळून आलेल्या धडधाकट पोराने ग्लासभर प्यायलं तर काही बिघडत नाही. (माझं मत विचाराल तर त्यालाही चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबतच द्या.) चव वेगळी, किंमत वेगळी, हे फरक सोडून द्या. घोळ होतो तो मिठापाशी.

जुलाबात अंगातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. आणि गेलेलं पाणी परत आत घ्यायचं तर आतड्याला साखर आणि मीठ दोन्ही एकदम लागतात. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत जाताना मिठातलं सोडियम सोबत घेऊन जातं, आणि ही जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग ओढलं जातं. जुलाब कितीही जोराचे असोत, अगदी कॉलरा असला तरी ही वाट सहसा चालू राहते. म्हणजे ओआरएसमधली साखर ताकदीसाठी नसतेच. ती मीठ आणि पाणी आत नेण्यापुरती असते, म्हणूनच इतकी कमी असते.

किती कमी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आहे. २०० मिलीच्या ग्लासात ग्लुकोज येतं पावणेतीन ग्रॅम, म्हणजे एक चमचासुद्धा नाही. आता घरी काय होतं ते बघा. डब्यातली पावडर तीन चमचे, ग्लासभर पाणी, ढवळलं की झालं. लिटरभर ओआरएसमध्ये असते तेवढी साखर एका ग्लासात, आणि मीठ जवळजवळ नाहीच. ही जास्तीची साखर आतड्यात पडून राहते आणि उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात. आई म्हणते, "पोटात काही ठरतच नाही," आणि आणखी एक ग्लास ग्लुकोज करते.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावलं. पाजणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते. ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तरी आपल्याकडे अजून "एक सलाइन लावून टाका हो डॉक्टर, पोराला तरतरी येईल" चालूच आहे.

बरं, ओआरएस घेतलं म्हणजे सुटलात असंही नाही. साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं आणि चार-साडेचार ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलीसाठी. लोक मोठ्या पाकिटातलं अर्धं अंदाजाने ग्लासात ओततात, उरलेल्याला रबर लावून ठेवतात. असं करू नका. ते पाणी फार खारट होतं आणि लहान बाळाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. लिटरभर करायचं नसेल तर छोटं पाकीट घ्या. उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, अख्खं पाकीट टाका, वरून साखर नको, दुधात किंवा ज्यूसमध्ये तर नकोच. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या.

रंगीत खोक्यातली तयार पेयं हा माझा खास रागाचा विषय. नावात ओआरएस लिहायचं, आत साखर सूत्राच्या कित्येक पट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, पण लोकांच्या तोंडी बसलेला शब्द आदेशाने जात नाही. "ते ऑरेंजवालं ओआरएस" अजून मागतात. खोक्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि वर दिलेले आकडे आहेत का तेवढं वाचा.

रात्री मेडिकल बंद असेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. आधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेका. मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचं पाणीही चालतं, आणि अंगावरचं दूध तर मुळीच थांबवायचं नाही.

पाजायचं चमच्या-चमच्याने. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सावकाश सुरू करा. गटागटा पाजलं की उलटी होते आणि मग दोष ओआरएसला. सोबत डॉक्टर झिंकचं (जस्ताचं) औषध देतात, ते १४ दिवस पुरं करायचं असतं. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बाटली फडताळात ढकलणारे फार.

शौचात रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं किंवा पिऊच शकत नसलं, तर माझ्या दुकानात येऊ नका. थेट दवाखान्यात न्या, आणि वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा.