जड नाण्यांचं पार्सल स्वस्तात पाठवायचंय? वजन, विमा आणि कागदपत्रांची माहिती

एक रुपयाचं १९९२ साली आलेलं स्टीलचं नाणं ४.८५ ग्रॅमचं. गिऱ्हाइकाने हजार नग मागितले की झाले ४ किलो ८५० ग्रॅम. राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे किलोत जेमतेम ८५ बसतात. नाणी विकणाऱ्याचा नफा बरेचदा या वजनातच जातो. म्हणून गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी पार्सलचा खर्च काढून ठेवावा.

देशातल्या देशात पाठवायला टपाल खात्याचं स्पीड पोस्ट पार्सल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ३५ किलोपर्यंतचं पार्सल चालतं. अनेक खासगी कुरिअर कंपन्यांच्या अटींमध्ये नाणी, नोटा आणि मौल्यवान धातू थेट वर्ज्य असतात. तिथे स्वस्त दर मिळाला तरी काही गहाळ झालं की हात वर होतात. रेल्वे पार्सलने मोठं पोतं जाऊ शकतं, पण किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर भरपाई वजनावर ठरते आणि नाण्यांच्या किमतीपुढे ती नगण्य असते.

स्पीड पोस्ट पार्सलचा दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो आणि खोक्याचं वजनही त्यात धरतात. वरच्या हजार नाण्यांनंतर ५ किलोच्या टप्प्यात फक्त १५० ग्रॅम उरतात. जाड खोकं, कागद, टेप एवढ्यात बसत नाही आणि पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. तेच ९८० नाणी ठेवली तर २४७ ग्रॅम मोकळे राहतात. गिऱ्हाइकाशी आधी बोललं तर तो २० नाणी कमी घ्यायला सहसा तयार असतो. एक मोठं पार्सल दोन छोट्यांपेक्षा स्वस्त पडतं, कारण पहिल्या टप्प्याचा दर दोनदा भरावा लागत नाही. तरीही १० किलोच्या वर मी एक खोकं नेत नाही. हाताळणाऱ्याच्या हातून जड खोकं हमखास आपटतं.

बांधणीत कंजुषी नको. ५०-५० नाण्यांच्या घट्ट गुंडाळ्या खाकी कागदात करा, दोन्ही टोकं दुमडून टेप लावा आणि गुंडाळ्या खोक्यात उभ्या रचा. मधे मोकळी जागा राहिली की नाणी हलतात आणि त्यांच्या कडा पुठ्ठा करवतीसारख्या कापतात. खोक्यावर मांजरपाट चढवून दाभणाने सुतळीची शिवण घाला. हे शिवून देणारे मोठ्या पोस्टाबाहेर अजून बसलेले दिसतात.

आता विमा. विमा नसलेलं स्पीड पोस्ट हरवलं, तर भरपाई हशिलाच्या, म्हणजे भरलेल्या टपाल खर्चाच्या, दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. आत २०,००० रुपयांची नाणी असली तरी तेवढीच. माझं पहिलं मोठं पार्सल वाटेत फुटलं आणि गिऱ्हाइकाला ६३ नाणी कमी मिळाली. विम्याचे पैसे वाचवायला मी वर ‘सुटे भाग’ असं लिहिलं होतं, त्यामुळे तक्रारीला काही आधारच उरला नाही. गिऱ्हाइकाचे पैसे मी भरून दिले. तेव्हापासून वर ‘नाणी’ असंच लिहितो आणि तुम्हालाही कळकळीने तेच सांगतो. रोकड, सोनं-चांदी, नाणी विमा उतरवूनच पाठवायची ही टपालाची जुनी शिस्त आहे.

विमा १ लाख रुपयांपर्यंत उतरवता येतो. गावच्या शाखा डाकघरात ही मर्यादा फक्त ६०० रुपये, म्हणून पार्सल तालुक्याच्या मोठ्या पोस्टात न्यावं. जाहीर केलेली रक्कम वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त नको. ती अंकी आणि अक्षरी लिहा, खाडाखोड अजिबात नको. पार्सलच्या सांध्यांवर लाखेच्या मोहरा लागतात. मोहर तुमची स्वतःची हवी, नाण्याचा ठसा चालत नाही, असा जुना दंडक आहे. तेव्हा हाताशी ढीगभर नाणी असली तरी नावाचा छोटा शिक्का करून घ्या. काउंटरवर पाठवणारा आणि घेणारा, दोघांचे पूर्ण पत्ते, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक द्या. किमतीसहित बिलाची प्रत घरी जपून ठेवा. भरपाई मागताना तीच लागते.

स्वातंत्र्यानंतरची नाणी विकायला वेगळा परवाना लागत नाही. १०० वर्षांहून जुनं नाणं मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. शिवराई त्यात येतेच, आणि १९११ ते १९२२ या काळातला पंचम जॉर्जचा रुपयाही येतो. अशा नाण्यांचा व्यापार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय करता येत नाही. शेतात नांगरताना हंडा सापडला असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. असा माल विकायला घेऊ नका.

परदेशातून मराठी संग्राहक विचारतात, तेव्हा त्यांना पहिल्यांदा सांगावं लागतं की १०० वर्षांवरचं नाणं आपण पाठवू शकत नाही. चलनातली नाणीही किलोवर पाठवता येत नाहीत. परकीय चलन नियमांनुसार नेपाळ-भूतान सोडून इतर देशांत स्मारक नाणी प्रत्येकी दोनच पाठवता येतात. सहाव्या जॉर्जचा १९३८ नंतरचा रुपया १०० वर्षांचा झालेला नाही, पण कस्टमला ते पटवून द्यावं लागतं. त्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं. मुंबई मंडळाचं कार्यालय सायन किल्ल्यावर आहे. अर्जासोबत नाण्यांचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, वर्णन आणि ओळखपत्र न्या, आणि नाणी तपासायला दाखवायची तयारी ठेवा.

विक्रीसाठीच्या परदेशी टपालाला आयात-निर्यात कोड लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश पुरतो. त्यानंतर डाक निर्यात केंद्रात टपाल निर्यात बिल ऑनलाइन भरून पार्सल द्यायचं. आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार विम्याची पार्सलं स्वीकारणाऱ्या देशांत नाणी बिनविम्याच्या पार्सलमधून जात नाहीत, म्हणून त्या देशासाठी विम्याची सोय आहे का, हे नाणी बांधण्याआधीच काउंटरवर विचारा.

विमा पार्सलचं वजन नोंदताना ग्रॅमपर्यंत लिहिलं जातं. पावतीचा फोटो काढून लगेच गिऱ्हाइकाला पाठवा. पार्सल घेण्याआधी वजन करून घ्यायला त्याला सांगा. वजन जुळत नसेल किंवा शिवण उसवलेली दिसली, तर सही न करता पार्सल पोस्टमास्तरांसमोर उघडून मागावं आणि नाणी तिथेच मोजावीत.