अल्पायुषी मासा आणि सरकारी ताट

पिंक सॅमन हा मासा दोन वर्षं जगतो. बरोबर दोनच. नदीच्या तळाशी गोट्यांखाली घातलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात, वसंतात समुद्राची वाट धरतात, उत्तर प्रशांत महासागरात जेमतेम सव्वा वर्ष चरून दीड-दोन किलोची होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात नदीत परत येऊन, अंडी घालून मरतात. तीन वर्षांचा पिंक सॅमन जवळजवळ सापडतच नाही. त्यामुळे एकाच नदीत विषम सालांत येणारा आणि सम सालांत येणारा असे दोन वंश असतात आणि त्यांची कधी गाठच पडत नाही. अलीकडच्या काही दशकांत अलास्काच्या बऱ्याच किनाऱ्यावर विषम सालांतला वंश जोरात आहे. 2013 साली तिथल्या मच्छिमारांनी 21 कोटींहून अधिक पिंक सॅमन पकडले. विषम सालात जाळी भरभरून येतात आणि पुढच्या सालात मासा निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो.

एवढी मासळी एकदम आली की भाव कोसळतो, गोदामं डब्यांनी भरतात, आणि मग अमेरिकेचं कृषी खातं खरेदीला उतरतं. हा पैसा येतो 1935 सालच्या एका कायद्याच्या 32व्या कलमातून. महामंदीत शेतकरी मोडून पडला होता, तेव्हा सीमाशुल्काच्या उत्पन्नातला 30 टक्के वाटा बाजूला काढून त्यातून अतिरिक्त शेतमाल उचलायचा, अशी तजवीज या कलमाने केली. उचललेला माल शाळांच्या जेवणात, फूड बँकांत आणि गरजू कुटुंबांच्या शिध्यात जातो. 1946 च्या कायद्याने उभा राहिलेला राष्ट्रीय शालेय भोजन कार्यक्रम आज रोज सुमारे तीन कोटी मुलांना जेवू घालतो. एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं कुठलं असणार?

या साऱ्या खरेदीत माशाचा वाटा मात्र अगदी लहान आहे. चीज, गोमांस, कोंबडी यांच्यापुढे तो दिसतही नाही. आहारशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर हे उलट व्हायला हवं होतं. अमेरिकी आहार मार्गदर्शक तत्त्वांच्या 2020 च्या आवृत्तीने प्रौढांना आठवड्याला 8 औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास मासे खायला सांगितलं होतं, आणि तिच्यानुसार दहातले जवळजवळ नऊ अमेरिकी तेवढे खात नव्हते.

माशाचा एवढा आग्रह धरण्यामागे मुख्य कारण आहे ओमेगा-3 मेदाम्लं, त्यातही डीएचए. आपल्या मेंदूतल्या पेशींच्या आवरणात आणि डोळ्याच्या पडद्यात हे मेदाम्ल ठासून भरलेलं असतं. जवस, अक्रोड यांत त्याचं छोटं भावंड मिळतं, पण आपलं शरीर त्यापासून डीएचए फार थोडं बनवू शकतं. मासाही ते फारसं स्वतः बनवत नाही. बनवतात ते समुद्रातले सूक्ष्म शैवाल. शैवाल खातात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, प्लवक खातो लहान मासा, लहान माशाला मोठा. गर्भातल्या आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या मेंदूला याची गरज सर्वांत जास्त. आणि गरोदर बाया आणि तान्ही मुलं यांच्यासाठी तर सरकारचा खास पोषण कार्यक्रमच आहे.

पण त्याच अन्नसाखळीतून आणखी एक पदार्थ वर चढत जातो, मिथिल पारा. तो प्रथिनांना चिकटतो, शरीराबाहेर फार हळू पडतो, आणि खाणारा जितका वरच्या पायरीवर नि जितका दीर्घायुषी, तितका त्याच्या मांसात साचतो. वाढत्या मज्जासंस्थेला तो घातक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांची सरासरी पाहा : स्वोर्डफिशमध्ये दर दहा लाख भागांत जवळपास 1 भाग पारा, अल्बाकोर ट्यूनात 0.35, अलास्का पोलॉक या कॉडच्या कुळातल्या पांढऱ्या माशात 0.031, सॅमनमध्ये 0.022. स्वोर्डफिश आणि सॅमन यांच्यात चाळीसपटीहून अधिक तफावत आहे.

मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती इथली एक जुळणी. पिंक सॅमन दोन वर्षांत आयुष्य संपवतो, त्यातही बराच काळ प्लवक आणि छोटे जीव खातो, म्हणून त्याच्यात पारा साचायला वेळच मिळत नाही. पोलॉक तीन-चार वर्षांत वयात येतो, क्रिल आणि कोपेपॉड या कोळंबीच्या जातीच्या बारीक जीवांवर वाढतो, मादी लाखो अंडी घालते, म्हणून बेरिंग समुद्रातून दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक पोलॉक काढूनही साठा टिकून राहिला आहे. झटपट वाढणं आणि खालच्या पायरीवर खाणं, या दोन गोष्टींमुळे हे मासे मुलांसाठी निर्धोक आहेत आणि समुद्रालाही ते परवडतात. आणि त्याच झटपट आयुष्यामुळे त्यांचा पुरवठा हेलकावे खातो. दीर्घायुषी माशाच्या साठ्यात अनेक वयांचे मासे असतात, एक साल वाईट गेलं तर बाकीची सांभाळून घेतात. पिंक सॅमनकडे अशी शिल्लक नाही. एक पिढी फसली की दोन वर्षांनी थेट परिणाम.

हा हेलकावा पचवण्याचं तंत्रज्ञान जुनं आहे. डब्यात बसेल एवढा कच्चा तुकडा, कातडी आणि काट्यांसकट, कापून भरतात. वर थोडं मीठ. पाणी नाही, तेल नाही. हवा काढून झाकण सील करतात आणि डबा वाफेच्या दाबपात्रात 115 ते 120 अंश सेल्सिअसला तासाभराहून जास्त ठेवतात. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे चिवट बीजाणू मरावेत म्हणून एवढं तापमान लागतं, पण त्याच उष्णतेत आणखी काही घडतं. काट्यांना घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि माशाचा काटा चमच्याच्या टोकाने दाबला तरी भुगा होईल इतका मऊ पडतो. डबा उघडला की मांसात पांढरट मणके दिसतात, ते बोटांत चुरगळून मिसळून टाकायचे. ते काढून फेकू नयेत, कारण कॅल्शियम त्यांतच असतं : काट्यांसकट 100 ग्रॅम डबाबंद सॅमनमध्ये 200 ते 280 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ कपभर दुधाची बरोबरी. शिवाय ड जीवनसत्त्व, बी-12, सेलेनियम. मासा डब्यातच शिजलेला असतो, त्यामुळे ना फ्रीज लागतो ना इंधन. म्हणूनच अमेरिकेच्या परदेशी अन्नमदतीच्या यादीतही डबाबंद पिंक सॅमन आहे.

शाळेत मात्र मुख्यतः पोलॉक जातो, फिश स्टिकच्या रूपात. ट्रॉलरवर, म्हणजे मोठं जाळं ओढणाऱ्या जहाजावर, किंवा किनाऱ्यावरच्या कारखान्यात मासा सोलून त्याच्या साडेसात किलोच्या चौकोनी लाद्या गोठवतात. त्या वितळू न देता करवतीने कापायच्या, पिठात बुडवायच्या, धान्याचा चुरा लावायचा, अर्धवट तळून पुन्हा गोठवायच्या. पोलॉकमध्ये ओमेगा-3 सॅमनपेक्षा कमी असतं आणि आवरणामुळे घासातला मासा आणखी कमी होतो, हे मान्य करायलाच हवं. तरी ज्या मुलाने घरी मासा पाहिलाच नाही, त्याच्यासाठी ती पहिली पायरी आहे. शिवाय कृषी खात्याची ही खरेदी देशी मालाचीच असावी लागते. हे महत्त्वाचं, कारण रशियाच्या पाण्यातला पोलॉकही वर्षानुवर्षं 'अलास्का पोलॉक' म्हणून विकला जात होता. 2016 पासून अमेरिकी बाजारात ते नाव फक्त अलास्कात पकडलेल्या माशालाच लावता येतं.

अलास्काच्या माशावर 'वाइल्ड', म्हणजे शेतीतला नव्हे तर मोकळ्या पाण्यातला, असा शिक्का असतो, त्याबद्दल थोडं. अलास्काने 1990 मध्ये माशांची शेती बंद केली, आणि राज्यघटनेतच मासे, वनं, वन्यजीव शाश्वत उत्पन्नाच्या तत्त्वावर सांभाळायचे असं लिहिलेलं आहे. पण अंडी उबवून पिल्लं समुद्रात सोडणारी उबवणी केंद्रं तिथे भरपूर आहेत, आणि पकडल्या जाणाऱ्या पिंक सॅमनचा मोठा हिस्सा त्यांतून येतो. मासा मोकळ्या समुद्रातच वाढतो, जन्म मात्र ट्रेमध्ये. ही मोठी संख्या सोडल्यावर समुद्रातल्या इतर सॅमनच्या वाट्याला अन्न कमी येतं का, यावर शास्त्रज्ञ गंभीरपणे वाद घालत आहेत. सरकारी पैसा लागतो तिथे हा प्रश्न झाकून ठेवता कामा नये.

त्याहून टोचणारी गोष्ट कॅनडातून अलास्कात वाहत येणाऱ्या युकॉन नदीवरची. तिथला चिनूक सॅमन इतका घटला की 2024 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी सात वर्षं त्याची मासेमारी थांबवण्याचा करार केला. पिढ्यानपिढ्या त्यावर जगलेल्या मूलनिवासी गावांच्या वाळवणाच्या काठ्या रिकाम्या राहिल्या. समुद्र तापल्याचा त्यात मोठा वाटा असल्याचं संशोधक सांगतात, पण पोलॉकच्या जाळ्यांत अनाहूत सापडणाऱ्या सॅमनवरून गावांचा राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. असा सॅमन विकायला बंदी आहे. पूर्वी तो समुद्रातच फेकावा लागे. 1990 च्या दशकात नियम बदलले आणि आता तो गोठवून फूड बँकांना देता येतो. फेकण्यापेक्षा हे नक्कीच बरं, तरी ज्याच्या नदीत मासा पोचला नाही त्याची भरपाई याने होत नाही.

या गावांचा विचार करणाऱ्या काही तरतुदी मला फार शहाणपणाच्या वाटतात. गरिबांना किराणा घेण्यासाठी पैसे देणाऱ्या 'स्नॅप' योजनेत, अलास्काच्या दुर्गम भागातल्या पात्र कुटुंबांना त्याच पैशांतून जाळी, गळ, दोर विकत घेता येतात. मूलनिवासींच्या शिधावाटपात गोठवलेला वाइल्ड सॉकआय सॅमन मिळतो. आणि 2014 च्या शेती कायद्याने मूलनिवासींची सेवा करणाऱ्या शाळा-रुग्णालयांना गावकऱ्यांनी दान केलेले मासे आणि शिकार ताटात वाढण्याची मुभा दिली.

एरवी सरकारी मासळी खरेदीची गत बहुतेक अशी असते : भाव पडला की मासळी उद्योगाची सरकारकडे मागणी, मग निविदा, मग एकदम लाखो डबे. 2023 मध्ये सॅमन आणि पोलॉक दोन्हींचे भाव कोसळले तेव्हा हेच झालं. मच्छिमार वाचला, ठीक. पण मुलाच्या अंगाने विचार करा. नव्या चवीचा पदार्थ मूल पहिल्या घासाला बहुधा नाकारतं. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पुढे आला की स्वीकारतं, हे बालआहाराच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. मासा एका वर्षी धो धो आला आणि पुढची दोन वर्षं दिसलाच नाही, तर ती सवय लागणार कशी? स्वयंपाकघरातल्या बाईलाही तो शिजवायचा सराव होत नाही, डबे फडताळात मागे सरकत जातात.

'विक' हा माता-बालकांचा पोषण कार्यक्रम या बाबतीत वेगळा आहे. त्यात डबाबंद मासा आधी फक्त पूर्ण स्तनपान देणाऱ्या मातांना मिळे, आणि 2009 पासून ट्यूनाखेरीज इतर मासेही निवडता येऊ लागले. सॅमन, सार्डिन, लाइट ट्यूना चालतं, पाऱ्यामुळे अल्बाकोर नाही. 2024 च्या नियमांनी एक ते चार वर्षांच्या मुलांच्या आणि आणखी काही मातांच्या शिध्यातही तो आणला. इथे सरकार ढीग विकत घेत नाही, आई दुकानात जाऊन डबा निवडते, आणि तेही नियमाने, भाव चढो वा उतरो.

अतिरिक्त माल उचलण्याच्या खरेदीलाही हीच शिस्त लावता येण्यासारखी आहे. डबाबंद सॅमन तीन वर्षांहून जास्त टिकतो आणि पिंक सॅमनचं चक्र दोन वर्षांचं आहे. विषम सालात किती घ्यायचं आणि सम सालात किती वाटायचं, याचा दोन वर्षांचा करार आधीच केला, तर कारखान्याला हंगामापूर्वी आकडा कळेल, मच्छिमाराला बंदरात भाव मिळेल आणि शाळेला दर महिन्याला मासा मिळेल, सॅमन नदीत येवो वा न येवो.