रक्तात प्रोजेस्टेरॉन आहे, पण अस्तरापर्यंत निरोप पोचत नाही

पुण्यात गोळ्या घेऊन गर्भपात करायचा म्हटलं, की डॉक्टर आधी सोनोग्राफी सांगतात. अनेकींना तो उगाचचा खर्च वाटतो. तसा तो का नाही, हे समजण्यासाठी गर्भपिशवीच्या अस्तराकडे बघावं लागतं.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवतो. त्याच्या जोरावर अस्तरातल्या पेशी फुगतात, त्यांच्यात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, नागमोडी रक्तवाहिन्या वाढतात. पिशवीचे स्नायू शांत राहतात. गर्भारपणाच्या सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन बनवण्याचं काम वार (प्लॅसेंटा) हाती घेते. तोवर सगळी भिस्त पीतपिंडावर.

गर्भपाताच्या गोळ्यांमधलं पहिलं औषध मिफेप्रिस्टोन. ते 1980 साली फ्रान्समधल्या रूसेल-युक्लाफ कंपनीत तयार झालं. ते प्रोजेस्टेरॉन थेट कमी करत नाही, ही यातली खरी गंमत. स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसं ते पेशीतल्या रिसेप्टरवर, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं. प्रोजेस्टेरॉनपेक्षाही घट्ट. सुरुवातीला रक्त तपासलं तर हार्मोन भरपूर दिसेल. अस्तराला मात्र त्याचा पत्ता नाही.

मग अस्तरातल्या केशवाहिन्या खराब होऊ लागतात, पेशी मरू लागतात आणि पिशवीला आकुंचन पावायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन वाढतं. गर्भ अस्तरापासून सुटतो. त्याच्याकडून येणारं, पीतपिंडाला टिकवणारं एचसीजी हे हार्मोन घटतं, तेव्हा कुठे पीतपिंड कोमेजतो आणि रक्तातलं प्रोजेस्टेरॉनही उतरतं. म्हणजे प्रोजेस्टेरॉन घटणं हा इथे परिणाम आहे, कारण नव्हे. गर्भाशयाचं तोंडही मऊ पडतं, पण एवढ्यावर दर वेळी काम पूर्ण होत नाही. म्हणून 200 मिलिग्रॅमच्या या गोळीनंतर एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल हे दुसरं औषध देतात. त्याने कळा येतात आणि पिशवी रिकामी होते. भारतात ही पद्धत नऊ आठवड्यांपर्यंतच, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असते.

आता सोनोग्राफीचं. गर्भ पिशवीत नसून बीजवाहक नळीत रुजला असेल, तर तो या अस्तरावर उभाच नसतो. गोळ्यांनी अस्तर झडतं, अंगावरून जातं, बाईला वाटतं सुटलो; इकडे नळीतला गर्भ वाढतच राहतो आणि नळी फुटू शकते. एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, खांदादुखी, चक्कर यांपैकी काहीही झालं तर केमिस्टला विचारत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.