केनिया सफारीला निघण्यापूर्वी: लस, गोळ्या आणि खाणंपिणं

बुकिंग झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "स्वेटर लागेल का?" लागेल. जुलै-ऑगस्टात मसाई मारा अभयारण्यात पहाटे चांगलंच गारठायला होतं. पण त्याआधी यलो फीवरच्या, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराच्या, लशीचं बघा.

ही लस फॅमिली डॉक्टरांकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लागू होतं १० दिवसांनी. मग जन्मभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावर अडवून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केंद्रातून बाहेर पडण्याआधी पिवळ्या कार्डावरचं, म्हणजे या प्रमाणपत्रावरचं, नाव आणि नंबर पासपोर्टशी ताडून घ्या, सही-शिक्का बघा. आकडा चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो, नंतर खेटे घालावे लागतात. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. वय साठीपुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लस घेता येणार नसेल तर पैसे भरण्याआधीच आम्हाला सांगा.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. घरी आलं की बरेच जण त्या बंद करतात, तसं करू नका. गोळी कोणती त्यावर परतल्यानंतर ७ दिवस की ४ आठवडे ते ठरतं. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा.

मधुमेह असलेल्यांसाठी खास: सफारी सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि नाश्ता कधीकधी नऊ वाजून गेल्यावर मिळतो. गोळी किंवा इन्शुलिन कधी घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून या, खिशात बिस्किटं असू द्या. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

पाणी सीलबंद किंवा उकळलेलंच प्या. बर्फ आणि कच्ची कोशिंबीर नको. जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करा आणि गाईडला सांगा, लाजू नका. चिवडा-लाडू जरूर आणा, पण डब्यात. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. अभयारण्यात प्लास्टिकची बाटलीही चालत नाही, स्टीलची घ्या.

गाडीत पट्टा लावा, आणि फोटोसाठी खाली उतरू नका, सिंह झोपलेला असला तरी.

परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "केनियाला जाऊन आलोय" हे डॉक्टरांना आधी सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. गोळ्या नीट घेतल्या असतील तरीही.